'वी शॅल ओव्हरकम' पीट सीगरने लिहिलेलं नाही

शाळेच्या परिपाठात 'हम होंगे कामयाब' म्हणत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांसाठी व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा : या गाण्याचं मूळ, म्हणजे 'वी शॅल ओव्हरकम', पीट सीगर नावाच्या अमेरिकन लोकगायकाने तुरुंगात बसून लिहिलं. ते त्याने मार्टिन ल्यूथर किंगना भेट दिलं. त्याच्या रॉयल्टीवर तो कोट्यधीश झाला. आणि समतेच्या याच पुजाऱ्याने १९६५ साली गायक बॉब डिलनच्या माइकची वायर कुऱ्हाडीने तोडली. शेवटी अर्थातच 'पुढे पाठवा'.

हिंदी गीत गिरिजाकुमार माथुर यांचं आहे आणि ते याच इंग्रजी गाण्यावरून आलं आहे, एवढं बरोबर. बाकी चारही विधानं चुकीची किंवा फार तर अर्धी खरी आहेत. पहिल्या विधानाने तर काही माणसं साफ पुसून टाकली आहेत, म्हणून आधी तेच घेतो.

१९४५च्या ऑक्टोबरात साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यात संप सुरू झाला. संपावर गेलेल्यांत कृष्णवर्णीय बायकांचा भरणा मोठा होता. संप हिवाळाभर चालला. फाटकावर पाळी करून उभं राहायचं, आणि दिवस संपला की घरी जाण्याआधी गाणं म्हणायचं, असा क्रम असे. त्यांच्यातली ल्युसिल सिमन्स चर्चमधलं एक जुनं गीत अगदी संथ, सूर लांबवत म्हणायची. चर्चमध्ये त्यात 'मी' होता. संपकऱ्यांच्या तोंडी तो 'आम्ही' झाला. या ओळीच्याही मागे जायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स अल्बर्ट टिंडली या फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने लिहिलेलं, जवळपास याच शब्दांचं पण वेगळ्या चालीचं एक भजन सापडतं.

संपातल्या काही जणी टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये प्रशिक्षणाला गेल्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणंही कायद्याला मंजूर नव्हतं, त्या काळात ही संस्था दोघांना एकत्र शिकवत होती. तिथला गाण्याचा विभाग झिल्फिया हॉर्टन सांभाळायची. तिने हे गाणं उचललं, तिथे येणाऱ्या प्रत्येक गटाला शिकवलं आणि १९४७ मध्ये सीगरला दिलं. १९४८ मध्ये सीगर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या 'पीपल्स साँग्ज' या पत्रिकेत ते छापून आलं. सीगरने त्यात कडवी वाढवली, बँजोला मानवेल अशी लय धरली. 'विल'चं 'शॅल' झालं तेही याच काळात, पण तो बदल आपण केला की हायलँडरच्या सेप्टिमा क्लार्क यांनी, याबद्दल तो स्वतःच ठाम नव्हता. पुढे फ्रँक हॅमिल्टन आणि गाय कॅरावन या लोकगायकांचेही हात त्याला लागले.

एवढ्या माणसांमधून एक गोरा पुरुष उचलायचा आणि त्याला 'गीतकार' म्हणायचं, हे सीगरलाच आवडलं नसतं. १९१९ साली जन्मलेला हा माणूस संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांचा मुलगा. हार्वर्ड अर्धवट सोडून बँजो घेऊन भटकायला निघाला. एकाकडून ऐकलेलं गाणं दहा जणांना शिकवायचं, आणि ते आपल्याला कुणी शिकवलं हे सांगायचं, हेच त्याने जन्मभर केलं.

आता तुरुंग. इथे तारखा पाहिल्या तरी पुरे. १८ ऑगस्ट १९५५ रोजी सीगरला अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीपुढे बोलावलं गेलं. गाणं छापून तेव्हा सात वर्षं झाली होती. कम्युनिस्ट पक्षाचा तो सदस्य राहिलेला होता आणि समितीला नावं हवी होती. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनादत्त हक्क पुढे करून तो सुटू शकला असता; बऱ्याच जणांनी तसं केलंही होतं. सीगरने ती पळवाट घेतली नाही. माझे विचार, माझा धर्म, माझं मत हे विचारणंच अयोग्य आहे, असं म्हणाला, आणि वर हवं तर गाणी म्हणून दाखवतो, अशी तयारी दाखवली. समितीला गाणी नको होती. १९६१ मध्ये अवमानाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, पण तो जामिनावर बाहेर राहिला आणि १९६२ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याला खरी शिक्षा झाली ती वेगळीच. मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांचे दरवाजे त्याला वर्षानुवर्षं बंद राहिले. १९५० मध्ये ज्याच्या 'वीव्हर्स' या चमूचं 'गुडनाइट आयरीन' देशभर पहिल्या क्रमांकावर होतं, तो शाळा-कॉलेजांत आणि उन्हाळी शिबिरांत गाऊन पोट भरत होता. १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने त्याला परत बोलावलं, तेव्हाही व्हिएतनाम युद्धावर बोट ठेवणारं गाणं प्रक्षेपणातून कापलं. ते पुढच्या वर्षी दाखवलं गेलं.

किंगना 'भेट' दिल्याची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त पसरते. १९५७ मध्ये हायलँडरच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला किंग आले होते, सीगरने तिथे हे गाणं म्हटलं, आणि ते किंगच्या डोक्यात घोळत राहिलं. पण त्यामुळे ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचं गाणं झालं नाही. ते झालं १९६०च्या एप्रिलमध्ये. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती स्थापन होत होती, तिथे गाय कॅरावनने ते म्हटलं, आणि मुलं ते आपापल्या गावी घेऊन गेली. जाता जाता : १९५७च्या त्याच कार्यक्रमात किंगचा काढलेला एक फोटो पुढे 'कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत मार्टिन ल्यूथर किंग' अशा मथळ्याने दक्षिणेतल्या रस्त्यांवर मोठमोठ्या फलकांवर झळकला. व्हॉट्सॲप नव्हतं, एवढाच फरक.

कुऱ्हाडीचं फार लांबवण्यात अर्थ नाही. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन विद्युत गिटार घेऊन उभा राहिला आणि आवाज इतका फाटला की सीगरला शब्द कळेनात. तो चिडला. 'आत्ता कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती' या अर्थाचं काहीतरी बोलला, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. असती तर! वायर शाबूत राहिली, डिलन गायला. त्याच महोत्सवात टेक्सासच्या तुरुंगांतली श्रमगीतं मंचावर लाकडं फोडत म्हटली गेली होती. आख्यायिकेतली कुऱ्हाड कदाचित तिथूनही आली असेल.

राहिला पैसा. १९६० आणि १९६३ मध्ये गाण्याचे हक्क नोंदवले गेले ते हॉर्टन, हॅमिल्टन, कॅरावन आणि सीगर या चौघांच्या नावाने. आपण नोंदवलं नाही तर दुसरा कुणी व्यापारी नोंदवील, हे त्यामागचं कारण सीगर सांगत असे. रॉयल्टी एका निधीत जात राहिली. हायलँडर तो निधी सांभाळतं आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या कामाला त्यातून मदत देतं. सीगर जानेवारी २०१४ मध्ये गेला. २०१८ मध्ये न्यायालयीन तडजोड होऊन गाणं सार्वजनिक मालकीचं झालं. सीगर स्वतः हडसन नदीकाठी, बीकनजवळ, बायको तोशीबरोबर हातांनी उभारलेल्या लाकडी घरात राहिला. तरीही गाण्याच्या हक्कांच्या नोंदीत ल्युसिल सिमन्सचं नाव नाही, हे खटकतंच.

सीगरला पैशावरून धारेवर धरायचंच असेल, तर त्यासाठी दुसरं गाणं आहे. जोहान्सबर्गच्या सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केलं. सीगरने ती तबकडी ऐकून गाणं उतरवून घेतलं, शब्द ऐकण्यात चूक झाली आणि ते 'विमोवे' म्हणून वीव्हर्सने गाजवलं. त्याने लिंडाला हजार डॉलर पाठवले, प्रकाशकाला पुढचे पैसेही द्यायला सांगितलं, पण ते पोचतात की नाही याचा पाठपुरावा केला नाही. लिंडा १९६२ मध्ये जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. नीट करार करून घ्यायला हवा होता, हे सीगरने नंतर जाहीरपणे मान्य केलं. लिंडाच्या मुलींना तडजोडीतून पैसे मिळाले ते २००६ मध्ये.