फवारणी करणाऱ्याच्या माथी मारलेला दोष

पोळा सरला, पऱ्हाटीला म्हणजे कापसाच्या झाडांना पात्या (कळ्या) धरल्या, की एक मजकूर फोनवरून फोनवर फिरू लागतो. कोणी मास्तर पाठवतो, कोणी शहरात नोकरीला गेलेला भाचा. त्याचा सार असा: ‘फवारणीत विषबाधा होते ती शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या निष्काळजीपणाने. हे लोक लेबल वाचत नाहीत, झगा-मास्क-हातमोज्यांचं किट घालत नाहीत, दोन-तीन औषधं एकत्र करतात. जाणूनबुजून धोका पत्करतात आणि नंतर सरकारच्या नावाने बोंब मारतात. सरकारने काय प्रत्येक धुऱ्यावर (बांधावर) शिपाई उभा करायचा?’

मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवतो. २०१७ साली सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं फवारणीच्या विषाने गेली आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यात माझ्या वावरात फवारा मारलेला एक मजूरही होता. आठ दिवस भरती होता, वाचला. औषध मी आणलं होतं आणि कालवलंही मीच होतं. म्हणून हा मजकूर आला की मला तो नुसता पुढे ढकलता येत नाही.

आधी ‘लेबल वाचत नाहीत’ हे घेऊ. शंभर मिलीच्या बाटलीवरची अक्षरं चष्मा लावूनही मला नीट लागत नाहीत. पण खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडे मालक टाकीत औषध कालवतो आणि मजूर त्यातून पंप भरतो. बाटली त्याच्या हातात येतच नाही. औषध किती जहाल ते सांगणारा बाटलीवरचा त्रिकोण लाल होता की पिवळा, हे त्याला कधी कळायचं? लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हा क्रम कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये ठरवून दिलेला आहे. गावात विचारून पाहा. बरेच जण सांगतील, हिरवा म्हणजे पिकाला चांगला.

‘सरकारने किट दिले, तरी घालत नाहीत.’ हे निम्मं खरं आहे. किट मिळाले, आणि बऱ्याच घरी ते खुंटीला टांगलेले आहेत. का, ते ऐका. पाऊस उघडल्यावर आमच्याकडे ऊन लाही-लाही करतं, आणि पऱ्हाटीच्या ओळीत वारा शिरत नाही. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप. एकराला दहा-बारा पंप लागतात, म्हणजे दोन एकरांत वीसेक खेपा. मजुरी पंपाच्या हिशेबाने. प्लास्टिकचा झगा, मास्क आणि रबरी हातमोजे घालून हे काम करणाऱ्याला विषाआधी ऊन पाडेल. मी स्वतः एक दिवस घालून पाहिला. चौथ्या पंपाला चष्म्यावर इतकी वाफ धरली की पाय कुठे पडतोय ते दिसेना.

हे फक्त माझं म्हणणं नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी कीटकनाशकांसाठी एक आचारसंहिता केलेली आहे. तिच्यात हेच सांगितलं आहे: जे औषध मारताना लागणारे संरक्षक कपडे त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारे असतील, ते टाळावं, उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत तर विशेष करून. म्हणजे झगा घातला नाही म्हणून माणसाला बोलण्याआधी, झग्याशिवाय मारताच येत नाही असं औषध इथे विकायचं का, हा प्रश्न येतो.

शिवाय नुसता मास्क लावून भागत नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं कातडीतूनही आत जातात. २०१७ साली पऱ्हाटी डोक्याला लागली होती. फवारा खाली जायच्या ऐवजी समोर आणि वर मारावा लागायचा, आणि तो अंगावरच यायचा. पंपाचं झाकण पाझरलं की पाठ भिजते आणि माणूस त्याच सदऱ्यात संध्याकाळपर्यंत राहतो.

‘औषधं मिसळतात’ या आरोपाला मी फार वेळ देणार नाही. प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रीन ४ टक्के हे मिश्रण एकाच सीलबंद बाटलीत, सरकारी नोंदणीसह विकलं जातं. घरी मिसळू नये, हे मान्य. पण सल्ला देणारा कोण असतो? कृषी केंद्रात आपलं उधारीचं खातं असतं, कापूस विकल्यावर फिटणारं. दुकानदार चिठ्ठीवर अळीचं एक, तुडतुड्याचं एक आणि वरून टॉनिक लिहून देतो. त्याला नाही म्हणायची ताकद उधारीवाल्याची नसते. गावातला कृषी सहायक किती गावं सांभाळतो ते एकदा मोजा.

आमच्या चुका नाहीत असं मी म्हणत नाही. चोंदलेला नोझल तोंडाने फुंकणारे मी पाहिलेत. औषधाच्या हातांनी खर्रा (सुपारी-तंबाखू) खाणारे तर रोज दिसतात. रिकाम्या डब्यात पाणी भरून ठेवणारी घरंही आहेत. हे बदलायला सरकारची वाट पाहायची गरज नाही आणि त्यासाठी आम्हीच एकमेकांना टोकलं पाहिजे.

आता त्या मजकुरातला सगळ्यात जड शब्द: ‘जाणूनबुजून धोका पत्करतात.’ धोका पत्करणं म्हणजे काय? काय होऊ शकतं ते माहीत असणं, नको म्हणायची सोय असणं, आणि फायदा झाला तर तो आपल्या पदरात पडणं. मी पेरतो तेव्हा पावसाचा धोका पत्करतो, त्याची तक्रार मी कोणाकडे करणार? फवारा मारणाऱ्याजवळ या तिन्हींतलं काय आहे? औषध, वेळ आणि वावर मालक ठरवतो. बोंडअळी आटोक्यात आली तर कापूस माझा. त्याला फक्त पंपाचे पैसे. त्याने धोका पत्करला नाही, मी त्याच्या पाठीवर दिला.

आणि कोणाचा धोका चालेल, हे सरकारनेही ठरवलं होतं. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी होती, कारण ते खाणाऱ्याच्या पोटात जातं. कापसावर मात्र परवानगी होती. कापूस कोणी खात नाही. विष जातं ते फवारणाऱ्याच्या अंगात. २०१३ साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून हेच औषध पोटात गेलं आणि २३ लेकरं दगावली. तरीही २०१७ साली ते आमच्या दुकानांत होतं. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ साली. श्रीलंकेने ते १९९५ मध्येच थांबवलं होतं. पुढच्या वर्षांत तिथे विष पिऊन मरणाऱ्यांची संख्या उतरली आणि भाताचं पीकही घटलं नाही.

‘सरकार कुठवर पुरे पडणार?’ धुऱ्यावर पुरणार नाही, हे मला कबूल आहे. सकाळच्या गारव्यात, वाऱ्याकडे पाठ करून फवारायचं, एकट्या माणसाला पाठवायचं नाही, साबण-पाण्याची बादली वावरात ठेवायची, हे माझं काम आहे आणि मी ते करतो. लाल त्रिकोणाची बाटली मी आणत नाही. पण दुकानात काय असावं हे मी ठरवू शकत नाही. ते राज्यालाही पुरतं ठरवता येत नाही: कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे राज्य ६० दिवस विक्री थांबवू शकतं, फार तर आणखी ३० दिवस. नोंदणी रद्द करायचा अधिकार केंद्राचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच कीटकनाशकांवर तशी बंदी आली तेव्हा आमचा फवारणीचा हंगाम संपत आला होता आणि मेलेले जाळून झाले होते. तालुक्याच्या दवाखान्यात या विषावरचा उतारा ॲट्रोपिन असणं, विष किती भिनलं ते सांगणारी रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी तिथेच होणं, ही कामंही माझ्या आवाक्यातली नाहीत.

आणि एक. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात योजना आहे. फवारणीची विषबाधा तिच्यात बसते आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. अर्जाला सातबारा लागतो. धुऱ्यावर उभा राहून पाहणारा मी त्या योजनेत आहे. माझ्या वावरात वीस पंप मारणारा भूमिहीन मजूर तिच्यात नाही.