वजनाच्या रेघेमागचे घर

एप्रिलच्या सुमारास बीड-धाराशिवकडच्या दवाखान्यांत ऊसतोडीहून परतलेली मुले येऊ लागतात. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्डावर बरी असलेली वजनाची रेघ आता खाली आलेली असते, एखादी लस चुकलेली असते. आम्ही डॉक्टर जंताचे औषध, लोहाचे थेंब आणि ‘आहार वाढवा’ असे लिहून पुढच्याला हाक मारतो. मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटली का, उसाच्या फडावर मुलाला कोण सांभाळत होते, त्यापायी थोरलीची शाळा सुटली का, हे विचारायला केसपेपरवर जागाच नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब तपासते. घरची ओढाताण या चारांत कुठेच बसत नाही.

लहानपणीचा छळ, हेळसांड आणि घरातील हिंसा जितक्या अधिक प्रकारांनी वाट्याला येते, तितका मोठेपणी हृदयविकाराचा, नैराश्याचा व व्यसनाचा धोका वाढतो, हे फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या सॅन डिएगोतील अभ्यासाने १९९८ सालीच दाखवले. त्यावरून निघालेल्या, असे किती प्रकार वाट्याला आले हे मोजणाऱ्या गुणांकाची प्रश्नावली भरून घेण्यासाठी कॅलिफोर्नियात २०२० पासून डॉक्टरांना प्रत्येक तपासणीमागे २९ डॉलर मिळू लागले. त्याच वर्षी खुद्द अँडा यांनी बजावले की, हा आकडा एकेका व्यक्तीचा धोका ठरवण्यासाठी नाही. म्हणूनच ती प्रश्नावली इथे जशीच्या तशी आणण्याच्या मी विरोधात आहे. शिवाय आमच्या ओपीडीत सासू शेजारी बसलेली आणि मागे रांग उभी असताना ‘घरी मारहाण होते का’ या प्रश्नाला खरे उत्तर कोण देणार?

विचारायचे ते आडोशाला, आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचे हे ठाऊक असेल तरच. वडील गेलेल्या मुलासाठी बाल संगोपन योजनेत महिना २,२५० रुपयांची तरतूद आहे, पण अर्जाची कागदपत्रे कोणी जमवून द्यायची? १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीला फोन कोणी करायचा, मूल ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार तिथल्या अंगणवाडीला कोणी कळवायचे? हे काम दोन मिनिटांत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरचे नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी समाजसेवा अधीक्षक असतात. तसे एक पद ग्रामीण रुग्णालयांतही हवे आणि ते हंगाम सुरू होण्याआधी भरलेले हवे, कारण टोळ्या एकदा निघाल्या की ही कुटुंबे सहा महिने कोणाच्याच यादीत सापडत नाहीत.