‘सुपरचार्जरची जुनी बोट घेऊच नका’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत वापरलेली वेगवान बोट विकत घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. लेक हवासूचा धक्का असो, मिझुरीतले लेक ऑफ द ओझार्क्स असो की फ्लोरिडाचा किनारा, शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. तो असा : सुपरचार्जर, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनात हवा दाबून भरणारे, इंजिनावरच चालणारे यंत्र लावलेले असेल तर त्या बोटीच्या वाटेला जाऊ नका, कारण चार्जर शंभर-दोनशे तासांत मोडतो आणि मोडताना इंजिनही घेऊन जातो, बिनचार्जरचे इंजिन घ्या, ते वर्षानुवर्षे चालते, चार्जरचेच हवे असेल तर कमीत कमी तास चाललेले घ्या, कंपन्यांनी स्वतःच चार्जर सोडून दिला, त्यावरून काय ते ओळखा, आणि त्याची देखभाल सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही.

ही पाच विधाने आहेत. त्यांतल्या पहिल्याला खऱ्या अनुभवाचा आधार आहे, म्हणून सगळा सल्लाच पटण्याजोगा वाटतो. त्यामुळे पहिल्यापाशी जरा जास्त वेळ थांबणे भाग आहे.

चार्जर मोडतो आणि इंजिन घेऊन जातो, ही तक्रार मुख्यतः सी-डू या जेट स्कीच्या (पाण्यावरच्या स्कूटरच्या) ब्रँडच्या रोटॅक्स इंजिनांवरून आली. 2003 मध्ये सी-डूने आपल्या जेट स्कीमध्ये तीन सिलिंडरचे, 1,494 सीसीचे सुपरचार्जर असलेले फोर-टेक इंजिन आणले. त्याची ताकद आधी 185 अश्वशक्ती होती, पुढच्याच वर्षी ती 215 झाली, आणि कालांतराने हेच इंजिन त्यांच्या स्पीडस्टरसारख्या छोट्या जेट बोटींतही आले. यातला चार्जर पंख्यासारखा, म्हणजे केंद्रोत्सारी पद्धतीचा असून तो क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, गिअरने फिरतो आणि इंजिन पूर्ण वेगात असताना मिनिटाला 40,000 हून अधिक फेरे घेतो. आता पाण्यावरची अडचण अशी की लाटेवरून उडी घेतली की पाणी मागे फेकून वाहन ढकलणाऱ्या जेट पंपात पाण्याऐवजी हवा शिरते, इंजिन एकदम मोकळे सुटते आणि क्षणार्धात पुन्हा पाण्याचा भार येऊन त्याचा वेग खाली खेचला जातो. एवढ्या वेगाने फिरणारा पंखा असा झटका सहन करू शकत नाही, म्हणून गिअर आणि पंख्याचा दांडा यांच्यामध्ये घसरणारा क्लच ठेवलेला असतो. सुरुवातीच्या वर्षांत त्या क्लचच्या चकत्या सिरॅमिकच्या होत्या. त्या झिजत आणि झिजता झिजता एखादी फुटत असे. चार्जरला इंजिनाचेच ऑइल जात असल्यामुळे फुटलेले तुकडे ऑइलबरोबर इंजिनात उतरत आणि मग बेअरिंगांचे काय होत असेल ते सांगायला नको. कंपनीने त्या चार्जरसाठी 100 तासांनी खोलून दुरुस्त करण्याचा नियम घातला होता, तो याच कारणाने.

इथपर्यंत सल्ला देणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. पण गोष्ट इथे संपली नाही. पुढे सिरॅमिकच्या जागी पोलादी चकत्या आल्या, दुरुस्तीची मुदत 200 तासांवर गेली आणि 2016 च्या 300 अश्वशक्तीच्या 1630 एस इंजिनापासून ठरावीक तासांनी चार्जर खोलण्याची अटच कंपनीने काढून टाकली. जुन्या इंजिनांत पोलादी चकत्यांचा संच बसवता येतो आणि हजारो मालकांनी तो बसवून घेतलेला आहे. म्हणजे 2000 ते 2010 च्या दशकातली सी-डू समोर आली तर विचारायचा प्रश्न ‘चार्जर आहे का?’ हा नसून ‘चकत्या कधी बदलल्या आणि त्याची पावती कुठे आहे?’ हा आहे. पावती नसेल तर दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीतून वजा करावा आणि ती दुरुस्ती होईपर्यंत बोट पाण्यात उतरवू नये. याहून घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

शिवाय हा दोष एका विशिष्ट रचनेचा आहे. कावासाकीच्या 2011 च्या अल्ट्रा 300 एक्समध्ये रूट्स पद्धतीचा, म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या दोन पाकळीदार रोटरांचा चार्जर आहे. मर्क्युरी या इंजिन कंपनीच्या सहा सिलिंडरी व्हेरॅडो आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनात, स्क्रूच्या आकाराच्या रोटरांचा, पट्ट्यावर चालणारा चार्जर आहे. या रचनांत सिरॅमिकच्या चकत्या नाहीतच, त्यामुळे त्या फुटण्याचा प्रश्नही नाही. तिथे बेअरिंगे, सील आणि पट्टा पाहायचा असतो. चार्जरचे ऑइल स्वतंत्र असेल तर ते मुदतीत बदललेले आहे का, हेही तपासायचे असते. एका कंपनीच्या एका भागाचा दोष सगळ्या चार्जरांच्या माथी मारणे म्हणजे एका गाडीचा गिअरबॉक्स खराब निघाला म्हणून सगळ्याच गिअरच्या गाड्या वाईट ठरवण्यासारखे आहे.

व्हेरॅडोचा विषय निघालाच आहे तर एक उदाहरण. 2004 पासून विकल्या गेलेल्या या 2.6 लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनांवर सुपरचार्जर होता. अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याने तस्करांच्या बोटींचा पाठलाग करण्यासाठी ज्या 41 फुटी बोटी घेतल्या, त्यांच्या पाठीला 350 अश्वशक्तीची अशी चार-चार इंजिने होती. अशी बोट हौसेने रविवारी फिरायला नेली जात नाही. इंजिन दोनशे तासांत मोडणारच असते तर सरकारी खात्याने त्यांच्यावर गस्तीचा भार टाकला नसता.

मग चार्जर असलेली इंजिने बसतात ती कशाने? माझ्या मते तीन गोष्टींनी : उष्णतेने, पाण्याने आणि पेट्रोलने. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा सिलिंडरात गेली की पेट्रोल ठिणगीच्या आधीच किंवा वेडेवाकडे पेटते, ज्याला आपले गाडीवाले नॉकिंग म्हणतात. ती हवा थंड करायला इंटरकूलर असतो आणि बोटीत त्याला बाहेरचे पाणी मिळते. खाऱ्या पाण्याचे मीठ आणि चिखल त्याच्या नळ्यांत साचला की हवा थंड होणे कमी होते. नळी गंजून फुटली तर पाणी थेट हवेच्या वाटेने सिलिंडरात जाते. मोटारीत नॉकिंगचा टकटक आवाज चालकाला ऐकू येतो, पण उघड्या एक्झॉस्टच्या बोटीत वारा आणि इंजिन यांच्या गोंगाटात तो ऐकू येणे अशक्यच असते, त्यामुळे अनेकदा पिस्टनला भोक पडल्यावरच मालकाला बातमी कळते. वास्तविक किनाऱ्यावरच्या कोणत्याही नावाड्याला ठाऊक असते की खाऱ्या पाण्यातून आलेले इंजिन गोड्या पाण्याने धुवावे लागते. चार्जरच्या बोटीत त्या धुण्यात इंटरकूलरही धरावा, एवढीच भर आहे.

पेट्रोलचेही तसेच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता. अमेरिकेतल्या पंपावरचे 87 ऑक्टेन आणि आपल्याकडे अनेक वर्षे मिळत आलेले 91 हे मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे वेगळे दिसतात, दर्जा जवळपास एकच आहे. चार्जर असलेल्या बऱ्याच इंजिनांना त्याहून वरचे पेट्रोल लागते. मर्क्युरी रेसिंगच्या 450 आरसाठी कंपनी 89 ऑक्टेन सांगते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल हिवाळाभर टाकीत पडून राहिले की ते ओलावा शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्यामुळे घटतो. पंधरा टक्के इथेनॉलचे पेट्रोल तर अमेरिकेत बोटींसाठी मंजूरच नाही. वसंतात बोट काढून त्याच जुन्या पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटल देणाऱ्या मालकाचे इंजिन बसले, तर दोष चार्जरच्या नावावर लिहिला जातो.

दुसरे विधान बिनचार्जरच्या इंजिनाबद्दलचे. मोटार ताशी 100 किलोमीटरने सपाट रस्त्यावर चालली असताना इंजिनाच्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते आणि उतारावर तर जवळजवळ काहीच नाही. बोटीला उतार नसतो. पाण्यावर तरंगत धावण्यासाठी तिला सतत ढकलावे लागते, म्हणून बोटीचे इंजिन तासन्‌तास अशा भाराखाली असते जो मोटारीच्या इंजिनाला ओव्हरटेक करताना काही सेकंद सोसावा लागतो. हा भार चार्जर असो वा नसो, सारखाच जाणवतो. मर्क्युरी रेसिंगचे बिनचार्जरचे 525 ईएफआय आणि चार्जर असलेले 600 एससीआय ही दोन्ही 8.2 लिटरच्या मोठ्या व्ही-8 घडणीची इंजिने. पहिले टिकाऊपणासाठी प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. तरीही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकतात, त्या मुदतीत बदलाव्या लागतात आणि न बदलल्यास तिथेही व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन संपते. चार्जर न लावता तेवढ्याच आकारमानाच्या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, तीव्र करावी लागते, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात, आणि तीव्र कॅमच्या इंजिनात कमी वेगावर एक्झॉस्टमधून पाणी उलटे सिलिंडरात ओढले जाण्याचा धोका वाढतो. चार्जरमुळे तीच ताकद सौम्य कॅमवर मिळते. हा फायदा सल्ला देणारे सांगत नाहीत. चार्जरने सिलिंडरातला दाब आणि उष्णता वाढते, हेही खरेच आहे, आणि गॅस्केट, व्हॉल्व्ह, पिस्टन यांना त्याची किंमत मोजावी लागते. दोन्ही बाजू मांडल्यावर ‘बिनचार्जरचे ते सरसकट टिकाऊ’ असा निष्कर्ष निघत नाही.

कमी तासांचे आकर्षण मला यांतले सर्वांत घातक वाटते. पंधरा वर्षांत 90 तास चाललेली बोट म्हणजे वर्षाला सहा तास. उरलेला काळ ती गॅरेजात उभी होती, कदाचित खारे पाणी न धुताच. सील वाळतात, सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरतो, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर एकाच आकारात वाकून बसतो आणि पहिल्याच फेरीत त्याच्या पात्या तुटून थंड पाण्याची वाट अडवतात. याउलट 400 तास चाललेली, दर हंगामाला ऑइल आणि इंपेलर बदललेली, वहीत नोंदी असलेली बोट मी निःशंक मनाने पाहायला जाईन. शिवाय नुसता तासांचा आकडा अपुरा असतो. या इंजिनांच्या संगणकात किती तास कोणत्या वेगावर गेले, इंजिन कधी तापले, कधी मर्यादेबाहेर फिरले याची नोंद असते. मर्क्युरीची आणि रोटॅक्सची अधिकृत तपासणी यंत्रे ती वाचून दाखवतात. विक्रेता ती वाचू देत नसेल तर त्याने उत्तर दिलेच आहे.

कंपन्यांनी चार्जर सोडला, हे विधान अर्धवट माहितीवर उभे आहे. मर्क्युरी रेसिंगने 2010 मध्ये मायामीच्या प्रदर्शनात 9 लिटरचे, दोन टर्बोंचे (म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबणाऱ्या यंत्रांचे) 1350 अश्वशक्तीचे इंजिन आणले आणि त्याने आधीच्या चार्जर असलेल्या मोठ्या इंजिनांची जागा घेतली, हे खरे. पण त्याच कंपनीने 2019 मध्ये 4.6 लिटरच्या व्ही-8 आउटबोर्डवर जुळ्या स्क्रूचा चार्जर बसवून 450 आर काढले आणि नंतर त्याच वाटेने 500 आर.

खर्चाबद्दल मात्र मी सल्ला देणाऱ्यांशी बराचसा सहमत आहे, फक्त कारण वेगळे. कंपनीने बसवलेल्या चार्जरची वार्षिक देखभाल म्हणजे पट्टा पाहणे, लागू असेल तिथे त्याचे ऑइल बदलणे, इंटरकूलर धुणे आणि मुदत असेल तेव्हा तो खोलणे. बोटीच्या एकूण खर्चात हे फार मोठे नाही. खिसा रिकामा होतो तो मागून बसवलेल्या चार्जरांमुळे. बिनचार्जरसाठी घडवलेल्या इंजिनावर नंतर चार्जर चढवलेला असतो, दाब आणखी वाढवायला लहान पुली घातलेली असते, संगणकातली वेगमर्यादा काढलेली असते, पण पिस्टन आणि पेट्रोलचा पुरवठा जुनाच असतो. अशी बोट दोन-तीन हातांतून फिरलेली असेल आणि काय बदलले ते कोणाला नीट सांगता येत नसेल, तर मीही ती घेऊ नये असेच सांगेन. इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा, पण एवढ्या ताकदीसाठी न घडवलेला मर्क्युरीच्या ब्राव्हो वनसारखा ड्राइव्ह मागे तसाच ठेवलेला असेल, तर चार्जरच्या आधी ड्राइव्हचे गिअर जातील.

पाहायला जाणाऱ्याने थंड इंजिनावर सिलिंडरांचा दाब आणि लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरात भरलेली हवा किती गळते ते, दोन्ही मोजून घ्यावे. ऑइल फिल्टर कापून त्यात चकाकणारे कण आहेत का पाहावे. रोटॅक्स असेल तर क्लच किती जोरावर घसरतो ते पाना लावून तपासून घ्यावे, पंख्याच्या दांड्यात खेळ आहे का तेही बोटाने पाहावे, आणि मग बोट पाण्यात उतरवून ती पूर्ण थ्रॉटलला कंपनीने सांगितलेल्या वेगापर्यंत पोहोचते का, तिथे बूस्टचा, म्हणजे चार्जरने दाबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा कुठे थांबतो आणि परत आल्यावर बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी किंवा ऑइल दिसते का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.