आमदार विधानसभेत काय बोलले, हे गावाला कळलंच पाहिजे

आमदार कुणाच्या लग्नाला आले, कुणाच्या घरी सांत्वनाला गेले, कुठल्या रस्त्याचा नारळ फोडला, हे आपल्या गावात सगळ्यांना पाठ असतं. पण गेल्या अधिवेशनात त्यांनी आपल्या तालुक्याचा कुठला प्रश्न मांडला, हे पारावर विचारून बघा. कुणालाच सांगता येत नाही. मला हे फार खटकतं. लग्नाला कुणीही जाऊ शकतं, विधानसभेत उभं राहून मंत्र्याकडून उत्तर घेणं तुमच्या-माझ्या हातात नाही. त्यासाठीच तर आपण मत देतो.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्याही मराठीत. ‘हे खरे आहे काय’ असं विचारलेलं असतं आणि खाली उत्तर, ‘अंशतः खरे आहे’. ‘विलंबाची कारणे काय आहेत’ यापुढे बऱ्याचदा ‘प्रश्न उद्भवत नाही’. आपल्या तालुक्याच्या पाण्याबद्दल असं उत्तर आलं, तर आमदारांनी पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी (महत्त्वाच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना) लावली का, हे बघायला हवं. २०२२ साली आपल्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातली गावं पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा बोलू लागली तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर सभागृहात दरवेळी काय उत्तर मिळालं, ते गावोगावी वाचलं गेलं असतं तर लोकांच्या हातात कागद असता.

फक्त प्रश्नांची संख्या मोजून आमदाराला पास-नापास करू नका. एकेका प्रश्नाखाली कितीतरी आमदारांची नावं असतात, आणि मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. प्रश्न कशाबद्दल होता आणि पाठपुरावा झाला का, तेवढं बघा.

हजेरीचंही तसंच. परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिलं तर आमदारकी जाऊ शकते, असं संविधानातच आहे. मग हजेरी मतदाराला घरबसल्या दिसायला नको का?

आणि निधी. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. आपल्या सांगली जिल्ह्यात ८ मतदारसंघ, म्हणजे वर्षाला ४० कोटी. कामं आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, १० रुपये भरले, की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खरं तर अशी माहिती मागायची वेळच येऊ नये, २००५ च्या कायद्याचं कलम ४ तेच सांगतं. गावाचं नाव, काम, रक्कम, ठेकेदार, काम पूर्ण की अर्धवट, एवढं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला काय हरकत आहे?

हे बोललं की लगेच ‘तू कुठल्या गटाचा?’ म्हणून विचारतात. मी कुठल्याच गटाचा नाही. ज्या आमदारानं काम केलंय त्याचं काम यातून लोकांपुढे येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपापल्या गावात हा विषय घ्या. प्रश्नोत्तरांच्या याद्या शोधायला किंवा अर्ज लिहायला अडचण आली तर खाली लिहा, मी मदत करतो.