फॅट किती लागली?

"सर, तुमचा पॅलेट अजून डेव्हलप झालेला नाही," असं काल जळगावात एका पोरानं मला तोंडावर सांगितलं. मिसरूड नुकतं फुटलेलं, गळ्यात चामड्याचा ॲप्रन. मी एवढंच म्हणालो होतो, की 220 रुपयांच्या मानानं कॉफी फारच पातळ आहे. उभा जन्म शेवभाजीच्या तर्रीवर पोसलेली जीभ, आणि हा तिला बालवाडीत बसवतो!

बाहेर 44 डिग्री, आत एसी, म्हणून शिरलो होतो. शेजारचे आप्पाही त्याचसाठी बसलेले. धोतर, टोपी, समोर फक्त पाण्याची बाटली. हयात दूध संकलन केंद्रावर गेली, हे त्यांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं.

पोरगा मला शिकवत होता : बॉडी म्हणजे चव नाही, तोंडात जाणवणारं वजन. "स्किम मिल्क आणि फुल क्रीम जिभेवर वेगळं लागतं ना, तसं."

दूध ऐकताच आप्पांनी खुर्ची ओढली. "फॅट किती लागली?"

"आजोबा, ही कॉफी आहे."

"मशीन तर दिसून राहिलं भो. लाव ना."

यंत्र खरंच होतं. त्यानं थेंब टाकला. 1.3 टक्के.

"इतकीच फॅट?"

"फॅट नाही, विरघळलेली कॉफी. बाकी पाणी."

"शंभरात साडेअठ्ठ्याण्णवच्या वर पाणी?" आप्पांचा आवाज केंद्रावरचा झाला. "म्हशीच्या दुधाला 6 फॅट, 9 एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकी घन ऐवज, लागली नाही तर आम्ही भाव कापायचो. असं कोणी आणलं असतं, तर कॅनसकट हाकलला असता! फॅट गेली कुठं?"

"बियांत तेल असतं, पण ते आणि बारीक कण फिल्टर पेपर अडवतो. म्हणून कप क्लीन येतो."

"म्हणजे साय कागदाला नि पाणी गिऱ्हाइकाला."

मी टाळी दिली. मग चिडलो, कारण हे मला सुचायला हवं होतं.

उडप्याकडे चिकोरी घातलेली दाट कॉफी मी वर्षानुवर्षं पितोय. तिथं कुणी जिभेची परीक्षा घेत नाही. रोबस्टा या कॉफीच्या जातीला बॉडी भरपूर, पण तिचं नाव काढलं की ही मंडळी नाक मुरडतात. बॉडी हवी तर मग फ्रेंच प्रेस घ्या. 260 रुपये. तिची जाळी धातूची, तेल आणि भुकटी कपात उतरते. आली ती दाट होती, नाही म्हणत नाही. आप्पांनी निम्मी बशीत ओतून घेतली. "आता लागली थोडी."

तेवढ्यात पोरगा धावत आला. "सर, शेवटचा घोट नका घेऊ, खाली गाळ असतो."

पातळ लागली तर आमची जीभ कच्ची, दाट असली तर तळ सोडायचा. पैसे मात्र काठापर्यंतचे. शिवाय बिलात आप्पांची पाण्याची बाटली.