बदलापूर मुंबईत घातलं की घरपट्टी माफ?

सकाळच्या लोकलच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतोय. त्याचं सार असं: ‘नगरपरिषद आपल्या घरपट्टीवर चालते आणि ती नगरसेवक खातात. प्रशासक होते तेव्हा बरं होतं. बदलापूर सरळ मुंबई महापालिकेत घाला, 500 फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ होईल आणि मुंबईच्या ठेवींत आपलाही वाटा येईल.’ खाली अंगठ्यांची रांग. मी परळहून इकडे राहायला आलेला माणूस, त्यामुळे मुंबईत परत जाण्याचा मोह मलाही होतो, आणि तोही घर न बदलता! पण मेसेजमधलं एकेक वाक्य धरून बघू.

‘नगरपरिषद घरपट्टीवर चालते.’ घरपट्टीचं बिल काढा आणि रकाने वाचा. त्यातला एक शिक्षण कर राज्य सरकारचा असतो. नगरपरिषद तो गोळा करते आणि पुढे भरते. एकेकाळी शहरांचा मुख्य पैसा जकातीचा, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचा होता. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली. तेव्हापासून पगारांना राज्याच्या सहायक अनुदानाचा टेकू आणि मोठ्या कामांना राज्याच्या नाहीतर केंद्राच्या योजनांचा निधी. तो ज्या कामाला आला त्याच कामाला वापरायचा. पाइपलाइनसाठी आलेला पैसा गटाराला लावता येत नाही. आपल्या मर्जीने खर्च करता येईल असा पैसा उरतो तो मुख्यतः घरपट्टीचा आणि नव्या बांधकामांच्या विकास शुल्काचा.

खरी मेख या विकास शुल्कात आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. टॉवर मंजूर झाला की तिजोरीत एकरकमी पैसे येतात. त्या टॉवरचा कचरा मात्र रोज उचलायचा, समोरचा रस्ता दर दोन-चार वर्षांनी करायचा, दिवे कायम चालू ठेवायचे. हा रोजचा खर्च भागवायला मग पुढचा टॉवर लागतो. लोकवस्ती वाढते म्हणून पैसा कमी पडतो आणि पैसा कमी पडतो म्हणून आणखी लोकवस्ती. स्टेशनवरची गर्दी बघून आपण रेल्वेला शिव्या घालतो, पण तिची सुरुवात इथल्या हिशोबात आहे.

आणि पाणी? मेसेजमध्ये पाण्यावरूनही नगरपरिषदेला दोन शब्द ऐकवलेत. बदलापुरात उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पाणी उचलतं आणि घरोघर पोचवतं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. ती राज्याची संस्था आहे, अंबरनाथलाही तीच. वीज महावितरणची. म्हणजे नळ कोरडा पडला तर नगराध्यक्षांच्या हातात निवेदन देण्यापलीकडे फारसं काही नाही.

‘नगरसेवक घरपट्टी खातात’ यात मानधनाचा टोमणा असेल तर तो लगेच निकाली निघतो. मुंबईत नगरसेवकाचं मानधन 2017 पासून महिना 25 हजार. 227 जणांचे वर्षाचे होतात 6 कोटी 81 लाख, आणि त्या महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं. टोमणा टक्केवारीचा असेल तर मी वाद घालणार नाही. फक्त टक्केवारी निविदेत असते, आणि निविदा अधिकारी काढतात.

त्यावरून ‘प्रशासक होते तेव्हा बरं होतं.’ आपल्याकडे निवडणूक झाली एप्रिल 2015 मध्ये, मुदत संपली मे 2020 मध्ये आणि पुढचं मतदान थेट डिसेंबर 2025 मध्ये. आधी कोविड, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत निवडणूक, असं 74वी घटनादुरुस्ती म्हणते. आपण मुदतीहून जास्त काळ नगरसेवकांविना काढला. अशा काळात कितीतरी नगरपरिषदांमध्ये मुख्याधिकारीच प्रशासक असतात. मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव ठेवायचा, प्रशासक म्हणून मंजूर करायचा. भांडण नाही, गोंधळ नाही, हे खरंच. सभागृहात एका माणसाचं एका माणसाशी भांडण कसं होणार? तेव्हा रस्ते झाले म्हणता, तर ते कुठल्या दराने झाले हे भर सभेत विचारणारं कोण होतं? आणि प्रशासक मुंबईतही मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं होताच.

आता विलीनीकरण. 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ, हे मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून खरं आहे. पण बृहन्मुंबईची हद्द या बाजूला मुलुंडला संपते. पुढे ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, आणि मग आपण. फास्ट लोकलसारखी मधली स्टेशनं गाळून विलीनीकरण होत नाही.

मुंबईच्या ठेवींचंही गणित इतकं सोपं नाही. त्या मध्यंतरी 90 हजार कोटींच्या पुढे गेल्या होत्या, नंतर उतरत आल्या. त्यात कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आणि हाती घेतलेल्या प्रकल्पांचे पैसे आहेत. मुंबईचा मोठा आधार म्हणजे जकातीची भरपाई. मुंबईत जकात 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत होती, म्हणून भरपाई 2016-17 च्या उत्पन्नावर धरली, दर वर्षी 8 टक्के वाढीने. बदलापूर जोडलं म्हणून त्यात रुपयाची भर पडणार नाही, कारण 2016-17 मध्ये आपल्याकडे जकात नव्हतीच. वाटेकरी वाढतील एवढंच.

शिवाय मोठ्या घरात नांदून झालंय आपलं. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होते. 1992 मध्ये दोन्ही बाहेर पडले. शेजारची 27 गावं त्याच महापालिकेत 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत. वसई-विरारची महापालिका 2009 मध्ये झाली आणि गावं वगळा म्हणून आंदोलन पेटलं. बाहेरून जो मोठा खजिना दिसतो, त्यात टोकाच्या वॉर्डाचा नंबर शेवटी लागतो, हे या गावांना विचारा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तेव्हा गाडी कल्याण सोडत होती. एकाने लगेच विचारलं, ‘ते ठीक आहे काका, पण आमच्या विंगला तीन दिवस पाणी नाही, तक्रार कुठे करायची?’ पाण्याच्या बिलावर वरच नाव छापलेलं असतं, म्हटलं. त्याने बिलाचा फोटो टाकला आणि विचारलं, ‘हे नगरपरिषदेचं नाही?’