त्याला काय कळणार, असं विचारू नका

पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे कॅथलिक मुलाने चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. त्याच्या बरोबरीच्या मुलांचं कम्युनियन केव्हाच झालं.

त्याला काय कळतं ते सांगते. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर भाकर उंचावतात तेव्हा घंटा वाजते. तो आवाज त्याला सोसत नाही. पण वेदीसेवकाचा हात घंटेकडे जायच्या आधीच हा कानांवर हात ठेवतो. फादर कुठल्या प्रार्थनेवर आलेत आणि पुढे काय होणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं! अशा अनेक मुलांना ठरलेला क्रम लागतो, आणि मिस्सा दर रविवारी त्याच क्रमाने होते. तिथे तो रमतो. मिस्सात एकमेकांना शांती देताना आपल्याकडे हात जोडतात, हे तर फारच बरं. अनोळखी स्पर्श त्याला नको असतो, नमस्कार मात्र मागे वळून सगळ्या बाकाला करतो.

पोप दहावे पायस यांनी 1910 साली पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं, तेव्हाच धर्मशिक्षणाचं संपूर्ण ज्ञान हवं ही अट काढून टाकली. चर्चच्या कायद्याचं कलम 913 मुलाच्या कुवतीप्रमाणे समज मागतं. त्याच्या कुवतीप्रमाणे, वर्गातल्या हुशार मुलीच्या नव्हे. व्हॅटिकनची 2020 ची धर्मशिक्षण निर्देशिका तर दिव्यांगांना साक्रामेंत (कम्युनियनसारखे चर्चचे पवित्र संस्कार) नाकारता येत नाहीत, असं स्पष्ट सांगते. तरीही आमच्यासारख्या आईबापांना ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकावं लागतं.

‘श्रद्धा कमी पडते, उपास करा, बरा होईल’ म्हणणारेही भेटतात. कुणी हळूच पापापर्यंत जातं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं. येशूने सांगितलं, यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. माझ्यासाठी तो विषय तिथेच मिटला.

घरी आमची तयारी चालू आहे. वेदीवर न अर्पिलेली साधी भाकर फादरांनी सरावासाठी दिली. ती टाळूला चिकटली की तो थुंकायचा. मग नखाएवढा तुकडा, वर घोटभर पाणी. आता अर्धी जाते.

फादर आणि धर्मशिक्षक, तुमच्याकडे मागणं एवढंच: तोंडी परीक्षेऐवजी चित्रांची कार्डं चालू द्या, रिकाम्या चर्चमध्ये एकदा सराव करू द्या, धूप असेल त्या दिवशी आधी कळवा. आणि ज्यांच्या मुलांचं असं कम्युनियन झालंय, त्यांनी तयारी कशी केली ते खाली लिहा.